कम्युनिटी कॉलेज आणि पत्रकाराची घडण

अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या इतिहासात जी दारे सर्वसामान्यांसाठी उघडण्यात आली असे आज मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, त्यांपैकी निदान एक दार मुळात आतल्या मंडळींना बाहेरची वर्दळ नको होती म्हणून काढले गेले, ही गोष्ट त्या अभिमानाच्या भरात सहसा विसरली जाते. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या मनात जर्मन धर्तीचे, संशोधनास वाहिलेले विद्यापीठ होते. आणि शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना पहिली दोन वर्षे सामान्य विषयांचे धडे देत बसणे अशा विद्यापीठाच्या प्रतिष्ठेस साजत नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी आपल्या विद्यापीठात पदवीच्या चार वर्षांचे कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन विभाग पाडले, आणि कनिष्ठ विभागाचा भार शक्य तर विद्यापीठाबाहेरच्या कोणी उचलावा अशी तजवीज आरंभली. शिकागोच्या नैऋत्येस असलेल्या जोलिएट गावच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांना ही कल्पना पटली, आणि 1901 साली त्या शाळेत अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी दोन वर्षांचे महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले. अखंड चालत आलेले अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून आज जोलिएटचा निर्देश होतो. हार्पर यांचा हेतू लोकोद्धाराचा नव्हता म्हणून संस्थेस उणेपणा येतो असे मुळीच नाही. पण विद्यापीठाने आपल्या सोयीसाठी जे काम दुसऱ्यावर सोपविले, ते पुरे करून येणाऱ्यास पुढे त्याच विद्यापीठाने दारात उभे करून त्याच्या कुळाची चौकशी करावी, यातील विसंगती ध्यानात येण्यासाठी हा आरंभ ठाऊक असणे अवश्य आहे.

कॅलिफोर्निया राज्यात ही विसंगती अधिक ठळक दिसते, कारण तेथे हा सारा व्यवहार लेखी झालेला आहे. माध्यमिक शाळांना पुढचे वर्ग चालविण्याची मुभा देणारा कायदा तेथे 1907 साली झाला, 1910 मध्ये फ्रेस्नो येथे पहिले ज्युनियर कॉलेज निघाले, आणि महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या लोंढ्याने व पुढील पिढीच्या संख्येने विद्यापीठे भरून वाहू लागली, तेव्हा 1960 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने राज्याने उच्च शिक्षणाची एक बृहद्योजना मंजूर केली. तिच्यातील वाटणी अशी की, शाळा सोडणाऱ्यांतील गुणानुक्रमे वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे जावेत, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांच्या कक्षेत यावेत, आणि बाकी ज्याला म्हणून शिकण्याची इच्छा असेल त्या प्रत्येकाला दोन वर्षांच्या कॉलेजात मज्जाव नसावा. या योजनेची उदारता सर्वत्र वाखाणली गेली, पण तिच्या पूर्वी विद्यापीठ वरचे सुमारे पंधरा टक्के आणि राज्य महाविद्यालये जवळजवळ निम्मे विद्यार्थी घेण्यास पात्र मानीत असत, याचा उल्लेख वाखाणणारे क्वचितच करतात. म्हणजे हजारो मुलांचा असलेला हक्क या योजनेने काढून घेतला, आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना एक वचन दिले: दोन वर्षे नीट अभ्यास करा, तिसऱ्या वर्षी तुमच्यासाठी वर जागा राखलेली असेल. ती जागा खरोखर शिल्लक राहावी म्हणून विद्यापीठांनी वरच्या दोन वर्षांत साठ आणि खालच्या दोन वर्षांत चाळीस या प्रमाणात विद्यार्थी ठेवावेत, अशी तरतूदही योजनेत घालण्यात आली.

हा व्यवहार कोणत्याही कायदेपंडिताने पाहिला तर त्यास तो कराराहून वेगळा दिसणार नाही. एका पक्षाने आपला हक्क सोडला, दुसऱ्याने त्याबदली काही देण्याचे कबूल केले. कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात होणारी बदली, जिला तिकडे सर्वत्र ‘ट्रान्स्फर’ म्हणतात, ही विद्यापीठाने गरजवंतावर केलेली मेहेरबानी आहे ही समजूत त्यामुळे समूळ खोटी ठरते. ते जुन्या कराराचे देणे आहे. पत्रविद्येच्या पदवीच्या बाबतीत तर मी याहून एक पाऊल पुढे जाऊन असे म्हणेन की, या विद्यार्थ्यास विद्यापीठाची जितकी गरज आहे, त्याहून विद्यापीठास आणि ज्या व्यवसायासाठी ते माणसे तयार करते त्या व्यवसायास या विद्यार्थ्याची गरज अधिक आहे. हे विधान धाडसी वाटेल, म्हणून ते सावकाश सिद्ध करणे प्राप्त आहे.

प्रथम प्रतिपक्षाच्या हाती असलेले सर्वांत बळकट शस्त्र त्यांच्याच हाती देऊन पाहू. ज्या वर्षी बृहद्योजना मंजूर झाली, त्याच 1960 साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होझे येथील दोन वर्षांच्या कॉलेजाच्या निरीक्षणावरून एक निबंध लिहिला आणि अमेरिकन शिक्षणजगताला न रुचणारी गोष्ट सांगितली. या कॉलेजाचे एक अघोषित कार्य, त्यांच्या मते, विद्यार्थ्याच्या महत्त्वाकांक्षेची धग हळूहळू कमी करीत नेणे हे होते. प्रवेशाच्या वेळच्या चाचण्या, सल्लागाराच्या पुनःपुन्हा होणाऱ्या भेटी, नम्र शब्दांतील सूचना, गुणपत्रिकेवरील शेरे अशा पायऱ्यांनी विद्यार्थ्याला पदवीच्या वाटेवरून एखाद्या धंदेवाईक अभ्यासक्रमाकडे वळविले जाते, आणि अखेरीस हा निर्णय आपणच घेतला असे त्याला वाटू लागते. कोणी नकार दिला नाही, म्हणून कोणावर रोषही राहत नाही. या निबंधावर गेली सहा दशके वाद चालू आहे, परंतु आकडे क्लार्क यांच्या बाजूने बोलतात. अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीनुसार कम्युनिटी कॉलेजात प्रथम पाऊल टाकणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पुढे पदवी हवी असते. पण प्रवेश घेणाऱ्यांतील सुमारे एक तृतीयांशच चार वर्षांच्या संस्थेपर्यंत पोहोचतात, आणि सहा वर्षांच्या मुदतीत पदवी हाती पडते ती शंभरांतील सोळांच्या.

एवढ्या मोठ्या गळतीचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच ते वारंवार फोडले जाते. ज्यांना दिवसा दुकानात उभे राहावे लागते, रात्री धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, ज्यांच्या घरात कॉलेजचा अर्ज कसा भरावा हे सांगणारे कोणी नसते, त्यांचा पाय कोठे अडखळतो हे पाहावयाचे असेल, तर त्यांच्या वाटेवरील दगड कोणी ठेवले याची चौकशी व्हावयास हवी. ती मी पुढे करणार आहे. पण तत्पूर्वी पत्रव्यवसायाकडे वळतो, कारण या व्यवसायाचा आणि पदवीचा संबंध वैद्यकाच्या किंवा स्थापत्याच्या संबंधासारखा जुना व स्वाभाविक नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वार्ताहर होण्यासाठी लेखणी, चपळ पाय आणि संपादकाची मर्जी यांपलीकडे कशाची आवश्यकता नसे. पत्रविद्येची पहिली स्वतंत्र शाळा मिझुरी विद्यापीठात निघाली ती 1908 साली. कोलंबिया विद्यापीठातील शाळा 1912 ची. ही दुसरी शाळा ज्यांच्या देणगीने उभी राहिली ते जोसेफ पुलित्झर स्वतः मात्र कोणत्याच विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. हंगेरीतून 1864 साली यादवी युद्धात लढण्यासाठी भरती होऊन आलेला हा तरुण युद्धानंतर सेंट लुईस येथे मिळेल ते काम करीत राहिला, तेथील मर्कंटाइल लायब्ररीत बसून त्याने इंग्रजी आणि कायदा शिकून घेतला, आणि एका जर्मन भाषेतील वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून शिरकाव मिळवला. अशा पुरुषाने पत्रकाराला विद्यापीठीय शिक्षण हवे असा आग्रह धरावा यात अनेकांना गंमत वाटली, पण 1904 मध्ये त्यांनी आपल्या योजनेचे जे समर्थन लिहिले ते वाचले म्हणजे गंमत मावळते. त्यांना शिकवावयाचा होता तो इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र आणि आधुनिक भाषा. आपण सार्वजनिक वाचनालयात बसून जे कष्टाने मिळवले ते पुढच्यांना रीतसर मिळावे, इतकीच त्यांची इच्छा होती. आणि ज्याच्याजवळ शुल्काला पैसे नाहीत त्याला दाराबाहेर ठेवणे हा तिचा भाग असणे शक्यच नव्हते.

पुढील अर्धशतकात पदवी हळूहळू शिरस्ता बनली आणि शिरस्ता बनताच ती गाळणीही झाली. या गाळणीतून काय गळून गेले याचा जबर दाखला लॉस एंजेलिस शहराला ऑगस्ट 1965 मध्ये मिळाला. वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल पेटली, तेव्हा त्या शहरातील सर्वांत बलाढ्य दैनिक ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ याच्या वार्ताहरवर्गात त्या वस्तीत निर्धास्त जाऊ शकेल असा एकही कृष्णवर्णीय मनुष्य नव्हता. अखेर जाहिरात विभागात निरोप्याचे काम करणारा रॉबर्ट रिचर्डसन हा चोवीस वर्षांचा तरुण पुढे आला, वस्तीत शिरला, रस्त्यावरच्या टेलिफोनवरून बातम्या सांगत राहिला, आणि त्या वृत्तांकनाबद्दल पत्राला 1966 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचा आनंद झाला असेल. लाज वाटावयास हवी होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या केर्नर आयोगाने 1968 च्या अहवालात ती लाज आकड्यांत मांडली: देशभरातील वृत्तसंस्थांच्या संपादकीय जागांवर कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी, आणि संपादक व पर्यवेक्षक या दर्जावर एक टक्क्याहूनही कमी. आयोगाचा मुख्य आक्षेप नोकऱ्यांच्या अन्यायापुरता मर्यादित नव्हता. देशाचा एक मोठा भाग वृत्तपत्रांना दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी ती देशाला सावध करू शकत नाहीत, हे त्याचे खरे म्हणणे होते.

या दृष्टीने कॅलिफोर्नियातील 116 कम्युनिटी कॉलेजांतील एखाद्या वर्गाकडे पाहावे. शेतमजुराची मुलगी, सैन्यातून परतलेला गृहस्थ, तीन वर्षांपूर्वी फिलिपाइन्समधून आलेली परिचारिका, शाळेत नापास होऊन पुन्हा उमेद धरलेला मुलगा अशी माणसे तेथे एकाच बाकावर बसलेली असतात. घरभाडे कसे थकते, दवाखान्याचे बिल घरात कोणते वादळ उठवते, पोलिसांची गाडी गल्लीत वळली की दारे का बंद होतात, या गोष्टी त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकवाव्या लागत नाहीत. लॉस एंजेलिसच्या त्या दैनिकाला 1965 साली जे ज्ञान आपल्या साऱ्या इमारतीत सापडले नाही, ते येथे उपस्थितिपटावर नोंदलेले आहे. त्या ज्ञानाला शिस्त हवी, पुरावा पारखण्याची सवय हवी, वाक्य लिहिण्याचा सराव हवा. आणि हे देणे हेच तर पत्रविद्या विभागाचे काम.

एक उदाहरण देतो, कारण तत्त्वाची चर्चा फार वेळ निराधार चालू ठेवणे बरे नव्हे. सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून तीन दशकांहून अधिक काळ रोजची बातमी सांगणारे आणि 1988 पासून 2012 पर्यंत अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या 12 वादसभांचे संचालन करणारे जिम लेहरर यांचे पहिले कॉलेज टेक्सासमधील व्हिक्टोरिया या लहान शहरातील दोन वर्षांचे व्हिक्टोरिया कॉलेज होते. वडील बसच्या धंद्यात. मुलगा शिकत असताना त्याच शहरातील बसस्थानकावर तिकिटे देई आणि सुटणाऱ्या गाड्यांच्या थांब्यांची नावे पुकारी. तेथून ते मिझुरीच्या पत्रविद्या शाळेत गेले आणि 1956 साली पदवीधर झाले. पुढे नौदलाच्या मरीन दलात तीन वर्षे काढून डॅलसच्या वृत्तपत्रांत दाखल झाले. त्यांची मुलाखत घेण्याची पद्धत प्रसिद्ध आहे: प्रश्न छोटा, आवाज खाली, समोरच्याला बोलू देण्याची तयारी, आणि आपण दोघांमध्ये महत्त्वाचे आहोत असा आविर्भाव कोठेही नाही. याचे श्रेय बसस्थानकाला किती आणि मिझुरीला किती द्यावे हे मी ठरवू शकत नाही. मात्र मिझुरीने त्या काळी, दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेल्या या मुलाची पहिली दोन वर्षे पुन्हा करावयास लावली असती तर तो बहुधा तिकिटांच्या खिडकीकडेच परतला असता, असा माझा कयास आहे.

आता दगडांकडे येतो. अमेरिकन पदवी सामान्यतः 120 युनिटांची, म्हणजे क्रेडिटांची. त्यांतील 60 युनिटे कम्युनिटी कॉलेजात पुरी करावीत आणि उरलेली 60 विद्यापीठात, असे गणित कागदावर अगदी सरळ आहे. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदाच केला की कम्युनिटी कॉलेजांनी ट्रान्स्फरसाठी खास पदव्या आखाव्यात, त्यांत मुख्य विषयाची किमान 18 युनिटे असावीत, आणि ती पदवी घेऊन आलेल्यास कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने उरलेल्या 60 युनिटांपलीकडे एकही अधिक मागू नये. पत्रविद्येची अशी पदवी आहे. परंतु या हमीत एक मखलाशी आहे, ती अशी की जागा मिळेल ती विद्यापीठाच्या कोणत्या तरी आवारात. सॅन होझेत राहणाऱ्या आणि तेथेच नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यास दोनशे मैलांवरील जागा देऊ केली तरी कायद्याचे पालन झाले असे धरले जाते. घरचा आधार सोडून ज्याला जाता येते त्याने मुळातच हा मार्ग कशाला धरला असता?

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक. विद्यापीठाचे दप्तर जेव्हा तुमची युनिटे ‘स्वीकारली’ असे कळविते, तेव्हा त्या पत्राचा अर्थ अनुभवी मनुष्यच नीट लावू शकतो. एका पेढीवरची हुंडी दुसऱ्या पेढीने नाकारली तर निदान धनी तक्रार करू शकतो. पण हुंडी ठेवून घेतली, पोच दिली, आणि पैसे मागावयास गेल्यावर ‘हा जमा रकमेचा आकडा आहे, खर्चावयाचा नव्हे’ असे उत्तर आले तर तो काय करणार? युनिटांचे नेमके असे होते. वृत्तलेखनाचा जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याने कॉलेजात उत्तम श्रेणीत पुरा केला, तो एकूण बेरजेत धरला जातो, परंतु मुख्य विषयाच्या अटींत तो ‘वैकल्पिक’ म्हणून पडून राहतो, आणि तोच विषय, बऱ्याचदा तेच पाठ्यपुस्तक, वरच्या क्रमांकाने आणि कितीतरी पट शुल्काने पुन्हा घ्यावा लागतो. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 च्या अहवालात अंदाज काढला की संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरीने 43 टक्के क्रेडिटे वाया जातात. सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाणाऱ्यांचे नुकसान त्याहून कमी, सुमारे 22 टक्के. पण हे कमी नुकसानदेखील जवळजवळ एका सत्राएवढे होते, आणि ज्याच्या घरात एका सत्राचा पगार हा जगण्या-न जगण्याचा प्रश्न असतो त्याला ‘कमी’ या शब्दाने समाधान वाटणार नाही.

विद्यापीठाच्या प्राध्यापकांचे यावर एक उत्तर आहे, आणि ते केवळ अहंकारातून आलेले नाही. बातमी लिहिणे ही कारागिरी आहे, ती कोणाच्या हाताखाली शिकलात याला महत्त्व आहे, आणि शेकडो कॉलेजांतील शेकडो वर्गांची पारख आम्ही कशी करावी, असे ते म्हणतात. शिवाय पत्रविद्येच्या विभागांना मान्यता देणारी राष्ट्रीय परिषद त्यांच्यावर लक्ष ठेवून असते. पण याच परिषदेचा एक दंडक असा की, पदवीच्या 120 युनिटांपैकी किमान 72 युनिटे पत्रविद्येच्या बाहेरील विषयांत असली पाहिजेत. हा दंडक मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. पुलित्झर यांच्या यादीचा तो थेट वंशज आहे. आणि त्याचा सरळ निष्कर्ष असा निघतो की, पत्रकाराच्या शिक्षणाचा अर्ध्याहून मोठा भाग, म्हणजे इतिहास, शासनव्यवस्था, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, स्पॅनिश, जीवशास्त्र, हा जेथे शिकवला जातो तेथे पत्रविद्या विभागाचा काहीएक संबंध येत नाही. तो भाग कम्युनिटी कॉलेज निर्विवादपणे देऊ शकते. त्यासाठीच तर ते निर्माण झाले. मग वाद उरतो तो दोन-चार वृत्तलेखनाच्या अभ्यासक्रमांचा. त्यांची पारख करावयाची असेल तर अभ्यासक्रमाचा क्रमांक ताडून पाहणे हा सर्वांत निकृष्ट उपाय होय. उमेदवाराने लिहिलेल्या आणि छापून आलेल्या दहा बातम्या मागवाव्यात. कोणताही अनुभवी उपसंपादक अर्ध्या तासात सांगेल की हा मनुष्य प्राथमिक वर्गात बसविण्याजोगा आहे की नाही. स्थापत्यशास्त्राच्या विभागाला ही सोय नाही, पत्रविद्येला आहे, आणि तिचा उपयोग न करणे हा निव्वळ कारकुनी आळस आहे.

छापून येण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो की, कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांची वृत्तपत्रे ही हौशी भित्तिपत्रके असावीत अशी ज्यांची कल्पना असेल, त्यांनी चुला व्हिस्टा येथील साउथवेस्टर्न कॉलेजाचा इतिहास पाहावा. मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या या कॉलेजात 2010 मध्ये, नियामक मंडळाची निवडणूक तोंडावर आली असताना, व्यवस्थापनाने निविदांसंबंधीचा एक विस्मृतीत गेलेला नियम उकरून काढला आणि ‘द सन’ या विद्यार्थी-पत्राची छपाई अडवून धरली. विद्यार्थी नमले नाहीत, पत्र निघाले. पुढे दोन वर्षांच्या आत त्या परिसरातील शिक्षणसंस्थांच्या बांधकाम-कंत्राटांतील गैरव्यवहाराबद्दल सरकारी वकिलांनी खटले भरले, आणि त्यांत या कॉलेजशी संबंधित माणसेही होती. ज्यांनी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, आपल्या गुणपत्रिकेची तमा न बाळगता, अंक बाहेर काढला, त्यांना विद्यापीठाने ‘वृत्तलेखन: प्रवेशिका’ या वर्गात पहिल्या बाकावर बसवावे, यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

एक खरी उणीव मात्र मान्य केली पाहिजे, आणि ती अभ्यासक्रमाची नसून वेळेची आहे. जो पहिल्या वर्षापासून विद्यापीठात असतो तो दुसऱ्या वर्षी विद्यार्थी-दैनिकात उपसंपादक होतो, तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या पत्रात उमेदवारी करतो, चौथ्या वर्षी संपादकाच्या खुर्चीत बसतो. ट्रान्स्फर होऊन आलेल्याच्या हाती चारच सत्रे असतात. पहिले इमारती ओळखण्यात जाते. दुसऱ्यात कळते की उमेदवारीचे अर्ज मागील हिवाळ्यातच मागविले गेले होते. तिसऱ्यात जागा आधीच्या मंडळींनी भरलेल्या दिसतात. ही अडचण कोणत्याही कायद्याने सुटणार नाही, ती विभागाच्या इच्छेने सुटेल. विद्यार्थी-पत्रातील काही जागा तिसऱ्या वर्षी येणाऱ्यांसाठी राखून ठेवणे, कॉलेजाच्या पत्रातील अनुभव ज्येष्ठतेत मोजणे, आणि प्रवेशाचे पत्र वसंतात पाठवितानाच उन्हाळी उमेदवारीची माहिती सोबत जोडणे, यांस एक डॉलरही अधिक लागत नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही एका मोहाचा निषेध करणे भाग आहे. पत्रकार व्हावयाचे ठरले की पहिल्याच वर्षी ध्वनिचित्रसंकलन, समाजमाध्यमांचे लेखन, जनसंपर्क असे मिळतील ते सारे माध्यमविषयक अभ्यासक्रम भराभर घेऊन टाकण्याची घाई तरुणांना होते. वर ज्यांचे युनिट मान्य होईल की नाही याची शंका असते ते नेमके हेच अभ्यासक्रम. आणि ज्यांना सर्वत्र मान्यता आहे ते अर्थशास्त्र व संख्याशास्त्र त्यांना रुक्ष वाटते. नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचता न येणाऱ्या वार्ताहराला कॅमेरा कितीही सुंदर चालविता आला तरी तो नगरपालिकेच्या प्रसिद्धिखात्याचा अवैतनिक नोकरच होय. दोन वर्षांत एक परकी भाषा, एक संख्याशास्त्र, एक शासनव्यवस्था, आणि दर आठवड्याला कॉलेजाच्या पत्रात एक बातमी, एवढे केले तर पुढची दोन वर्षे कोणतेही विद्यापीठ त्याचे फारसे नुकसान करू शकणार नाही.

ही पदवी घेऊन करावयाचे काय, असा प्रश्न व्यवहारी वाचकाच्या ओठावर आला असेल. 2005 पासून अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली; 2008 साली वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत सुमारे 71,000 माणसे होती, ती 2020 पर्यंत 31,000 वर आली. हे आकडे लपवून कोणा तरुणाला या वाटेवर पाठविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु याच आकड्यांमुळे कम्युनिटी कॉलेजाचा मार्ग अधिक विवेकाचा ठरतो. कॅलिफोर्नियात तेथील शुल्क 2012 पासून दर युनिटास 46 डॉलर आहे, म्हणजे 60 युनिटांचे 2,760 डॉलर. राज्य विद्यापीठात एका वर्षाचे शुल्कच आज सहा हजारांवर गेले आहे, आणि खाजगी विद्यापीठांच्या आकड्यांविषयी न बोललेलेच बरे. ज्या व्यवसायात आरंभीचा पगार तुटपुंजा, त्यात कर्जाचा डोंगर डोक्यावर घेऊन शिरणारा मनुष्य फार काळ टिकत नाही. तो टिकला नाही म्हणजे मागे उरतात ते वडिलांच्या पैशावर तग धरू शकणारे, आणि वॉट्सच्या वेळची स्थिती नव्या वेषात परत येते. लहान गावांतील पत्रे बंद पडत असताना त्या गावांची खडान्खडा माहिती असलेला वार्ताहर महागड्या विद्यापीठातून तयार होऊन येईल, अशी आशा करणे व्यर्थ आहे.

आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणाने आणि त्यामागून आलेल्या ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या व्यवस्थेने अमेरिकेचीच वाट धरली आहे. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि जमा झालेली क्रेडिटे घेऊन अन्य संस्थेत जाण्याची मोकळीक, ही रचना कागदावर निर्दोष आहे. पण क्रेडिटे जमा करून घेणे हे बँकेचे काम, ती खर्चू देणे हे विद्यापीठाचे. आणि दुसऱ्या गोष्टीविषयी कायद्यात स्पष्ट बंधन नसेल तर काय होते हे कॅलिफोर्नियाने पन्नास वर्षे भोगून दाखविले आहे. तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षे काढून पुण्यास किंवा मुंबईस पत्रविद्येकडे वळू पाहणाऱ्या मुलाचे क्रेडिट नाकारावयाचे असेल, तर का नाकारले हे विद्यापीठाने तीस दिवसांच्या आत लेखी कळवावे, आणि पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर न टाकता नाकारणाऱ्यावर टाकावी, एवढे एक कलम जरी नियमांत आले तरी आपण त्यांच्या पुढे जाऊ.

राहता राहिली कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबे. क्युपर्टिनो, फ्रेमॉन्ट, सनीव्हेल या भागांत ती आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर द ॲन्झा, फुटहिल, ओलोनी अशी चांगली कम्युनिटी कॉलेजे आहेत. तरीही मुलगी तेथे जाते हे मंडळाच्या गणेशोत्सवात सांगताना आईवडिलांचा आवाज उगीचच खाली येतो. त्यांना माझी विनंती एवढीच की, मुलीला पत्रकार व्हावयाचे असेल तर लाजण्यात वेळ न दवडता त्या कॉलेजाच्या वृत्तपत्राचे गेल्या वर्षाचे सर्व अंक काढून वाचावेत, तिला ज्या विद्यापीठात पुढे जावयाचे आहे त्याच्या पत्रविद्या विभागाला आजच पत्र लिहून कोणते अभ्यासक्रम मुख्य विषयात धरले जातील हे विचारावे, आणि येणारे उत्तर लेखी घेऊन जपून ठेवावे.